सड्यावरच्या घरासाठी पावसाच्या पाण्याचा टांका : पायऱ्या, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, राहणाऱ्यांना हे सांगायला नको. जुलैत अंगणातून पाण्याचे लोट वाहतात आणि मार्चअखेर विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग छपराचं पाणी साठवायचं ठरतं, गवंडी येतो, टाकी उभी राहते. दोन वर्षांनी पाहावं तर त्या टाकीचं पाणी झाडांना जातंय आणि पिण्यासाठी घरात विकतचे कॅन आलेत. बहुतेक ठिकाणी बांधकामात फारसा दोष नसतो. चूक असते ती कामाच्या क्रमात, आणि टाकी कधी भरायची या निर्णयात.

हा लेख थरच्या वाळवंटातल्या टांक्याची, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या बंद टाकीची, पद्धत गोव्याच्या सड्यावर कशी आणायची यासाठी आहे. ती आहे तशी उचलून चालत नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे सुमारे ३,००० मि.मी. तिथे पाऊसच कमी, म्हणून मिळेल तो थेंब धरायचा. इथे पाऊस चार महिन्यांत ओतून मोकळा होतो आणि पुढचे आठ महिने काढायचे असतात. आपल्याला पाणी मिळवायची चिंता नाही. चांगलं पाणी शेवटपर्यंत टिकवायची आहे. खालची प्रत्येक पायरी त्या दृष्टीने लिहिली आहे.

## पायरी १ : कामाचं वेळापत्रक आधी ठरवा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एप्रिलमध्ये काम काढणं. विहीर आटलेली असते, त्यामुळे प्लास्टरला पाणी मारायला पाणी नसतं. गवंडी दिवसातून एकदा बादली फिरवतो, प्लास्टर उन्हात तडकतं, आणि ते पुरतं मुरायच्या आत जूनचा पाऊस दारात येतो. टाकी गळते का हे तपासायलाही वेळ उरत नाही.

क्रम असा ठेवा. ऑगस्टमध्ये जागेची परीक्षा. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस गेला की पाया. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भिंती आणि प्लास्टर, कारण तेव्हा विहिरीला भरपूर पाणी असतं आणि ऊनही मवाळ असतं. जानेवारीत पाणी भरून गळतीची तपासणी. पन्हळी, नळ्या आणि गाळणीचा कोनाडा मार्च-एप्रिलमध्ये.

जमीन भाटकाराची (जमीनदाराची), कोमुनिदादीची (गावसंस्थेची) किंवा भावकीत सामाईक असेल तर लेखी संमती ऑगस्टच्या आधीच घ्या. पंचायतीत परवानगीबद्दलही तेव्हाच विचारा. पाया खणल्यावर उठलेला वाद पावसाळ्यापर्यंत मिटत नाही.

## पायरी २ : आकाराचा हिशेब

लोक छपराकडे बघून टाकी ठरवतात. बघायचं असतं कोरड्या दिवसांकडे.

छपरावर किती पाणी मिळेल याचा हिशेब सोपा आहे : छपराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले पाऊस मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.८. उत्तर लिटरमध्ये येतं. ०.८ घेण्याचं कारण एवढंच की थोडं पाणी कौलांत मुरतं, थोडं उडून बाहेर पडतं. क्षेत्रफळ वरून दिसणाऱ्या सपाट सावलीचं घ्यायचं, उतरत्या कौलांच्या पृष्ठभागाचं नाही. १०० चौ.मी. छपरावर गोव्यात वर्षाला २,४०,००० लिटर उतरतं. तेवढंच छप्पर जैसलमेरला असतं तर १६,००० लिटर. म्हणूनच तिथे छपरावर भागत नाही. टांक्याभोवती जमीन चोपून, उतार देऊन ‘आगोर’ तयार करतात आणि त्यावरून पाणी आत घेतात. आपल्याला आगोराची गरज नाही आणि तो करूही नये. आपल्या मुसळधार पावसात जमिनीवरून येणारं पाणी लाल माती, पालापाचोळा आणि गुरांचं शेण घेऊन येतं.

आता गरज बघा. पिणं आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला १० लिटर धरा. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेचा सुधारित टांका २१,००० लिटरचा आहे. सहा माणसांचं कुटुंब, माणशी १० लिटर, जवळपास पूर्ण वर्ष, असा तो हिशेब बसतो. आपल्याला वर्ष काढायचं नाही. मध्य ऑक्टोबर ते मध्य जून, म्हणजे साधारण २४० दिवस. पाच माणसांना ५ × १० × २४० = १२,००० लिटर.

तुमची विहीर फेब्रुवारीअखेरपर्यंत चांगलं पाणी देत असेल तर फक्त मार्च ते मध्य जून सांभाळायचा आहे. त्यासाठी ६,००० लिटर पुरतात. मे महिन्यात मुंबई-पुण्याचं गणगोत येणार असेल तर त्यात एक हजाराची भर घाला. त्या दिवसांत पाणी कसं संपतं हे घरातल्या बायका तुम्हाला नेमकं सांगतील, त्यांना विचारूनच आकडा ठरवा.

इशारा : आंघोळ, कपडे, बाग या टाकीत धरू नका. ते धरलंत की आकडा ५०-६० हजारांवर जातो, खर्च डोईजड होतो आणि मग पिण्याचं पाणीसुद्धा राहून जातं. त्या वापराची सोय वेगळी करा.

तपासा : विहिरीचं पाणी गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या महिन्यात खाली गेलं हे कागदावर लिहा. आठवणीवर विसंबू नका, पंप किंवा टँकर कधी बोलावला त्याच्या पावत्या काढा.

## पायरी ३ : जागा

सड्यावर वरचा थर कडक जांभ्याचा असतो, आणि तो फोडला की खाली बऱ्याचदा मऊ, चिकट माती लागते. त्यामुळे पायाचा अर्धा भाग कातळावर आणि अर्धा भरावावर आला तर टाकी भरल्यावर भराव दबतो आणि तळाला चीर जाते. १२,००० लिटर पाणी म्हणजे १२ टन वजन. पूर्ण कातळावर तरी बसवा, नाहीतर पूर्ण चोपलेल्या सपाट पायावर.

जमिनीखाली टाकी करायची की वर, याचा निकाल ऑगस्टमध्येच लावता येतो. ठरलेल्या जागी दीड मीटर खोल खड्डा खणा, पावसाची दोन दिवस उघडीप मिळाली की त्यात पाणी किती खाली थांबतं ते बघा. खड्ड्यात पाणी उभं राहत असेल तर टाकी जमिनीच्या वरच बांधा. भूजल वर असताना टाकी रिकामी केली तर बाहेरचं पाणी तिला खालून वर ढकलतं आणि तळ फुटतो. पुढे दिसेल की आपण टाकी ऑगस्टमध्येच रिकामी करणार आहोत, म्हणजे नेमक्या सर्वांत धोक्याच्या दिवसांत. हा खड्डा न खणता जमिनीखाली टाकी घेऊ नका. थरमध्ये टांका जमिनीत घेतात. तिथे हे संकट सहसा नसतं, आणि पाणी उन्हापासून वाचवायचं असतं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त ठिकाणी वरची टाकीच बरी, असं माझं मत आहे. तिला खाली तोटी बसते, पंप लागत नाही, आणि चीर गेली तर डोळ्यांना दिसते.

शौचालयाची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा किमान १५ मीटर दूर, आणि टांक्यापेक्षा खालच्या अंगाला हवा. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून मैला पाणी भराभर सरकतं. गोठ्याचंही तेच.

माडाखाली टाकी नको. वरून नारळ पडला की झाकणाला भेग जाते. वड-पिंपळाच्या मुळांपासूनही लांब राहा. स्वयंपाकघराच्या जवळ, घराच्या सावलीत, पूर्वेला किंवा उत्तरेला जागा मिळाली तर उत्तम.

## पायरी ४ : छप्पर आणि पन्हळ

मंगळुरी कौलं, सिमेंटचा स्लॅब, रंग न सुटणारा पत्रा, तिन्ही चालतात. ॲस्बेस्टॉसचे जुने, भुगा सुटणारे पत्रे पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. स्लॅबला नुकताच गळतीरोधक रंग दिला असेल तर पहिला पावसाळा त्याचं पाणी पिण्यासाठी धरू नका.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात छप्पर साफ करायचं. कौलांवरचं शेवाळ काथ्याच्या ब्रशने कोरडंच घासून काढा. ॲसिड, धुण्याचा सोडा काही नको. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या, काजूच्या फांद्या छाटा. फांदी गेली म्हणजे पानं तर कमी होतातच, माकडांचा आणि पक्ष्यांचा राबताही कमी होतो, आणि पाणी बिघडवणारी खरी घाण त्यांचीच असते. खाणपट्ट्यात किंवा खनिजाच्या ट्रकच्या रस्त्यालगत घर असेल तर कौलांच्या खाचांत लाल धूळ बसलेली असते. ती झाडून जात नाही, पाण्याने धुवावी लागते. ते धुतलेलं पाणी अर्थातच टाकीकडे जाता कामा नये.

पन्हळीत लोक दोन गोष्टी चुकतात : आकार आणि उतार. आपल्याकडे जोराची सर तासाला १०० मि.मी.च्या वेगाने कोसळू शकते, थोडा वेळ का होईना. १०० चौ.मी. छपराच्या दोन बाजू धरल्या तर एकेका पन्हळीत तासाला ४,००० ते ५,००० लिटरच्या वेगाने पाणी येतं. तीन-चार इंची पन्हळ अशा वेळी काठावरून सांडते आणि सगळं पाणी भिंतीवर जातं. अर्धगोल पन्हळ किमान सहा इंची घ्या, खाली उतरणारी नळी ११० मि.मी.ची. उतार दर मीटरला १ सें.मी.; १० मीटर पन्हळीला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १० सें.मी. खाली. आधाराच्या पट्ट्या दोन फुटांवर मारा. लांब मारल्या तर पन्हळ मध्ये झोळ खाते, तिथे पाणी साचतं आणि डास होतात.

कौलाची कड पन्हळीच्या आत साधारण एक तृतीयांशपर्यंत यावी. कमी आली तर मंद पावसात पाणी पन्हळीच्या मागे गळतं, जास्त आली तर जोराच्या सरीत पन्हळ ओलांडून पुढे पडतं.

तपासा : शिडी लावून वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. ते न थांबता, कुठेही डबकं न करता खालच्या नळीत गेलं पाहिजे. हे मेमध्येच करा, जूनमध्ये शिडी कौलांना लावायची नाही.

## पायरी ५ : पहिलं पाणी बाहेर

इथेच सर्वाधिक गफलत होते, म्हणून जरा थांबून वाचा.

सर सुरू झाली की पहिली काही मिनिटं छप्पर धुतलं जातं. ते पाणी टाकीत जाता कामा नये. त्यासाठी उतरत्या नळीला टी लावून एक उभी बंद नळी जोडतात. आधी ती भरते, मग पाणी टाकीकडे वळतं. कल्पना बरोबर आहे, पण ११० मि.मी.च्या एक मीटर नळीत जेमतेम ९ लिटर मावतात. तीन मीटरची नळी म्हणजे २७ लिटर. १०० चौ.मी. छप्पर धुवायला किमान २ मि.मी. पाऊस, म्हणजे २०० लिटर सोडावे लागतात. नळी लावून लोक निर्धास्त होतात आणि छपराची बाकीची घाण टाकीत जाते.

उपाय : नळीऐवजी २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम. त्याच्या तळाशी ३-४ मि.मी.चं भोक ठेवा. पाऊस थांबला की तीन ते सहा तासांत ड्रम आपोआप रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार असतो. जुलैत पाऊस अखंड असला तर ड्रम भरलेलाच राहतो. हरकत नाही, तेव्हा छप्परही धुतलेलंच असतं. ड्रमला खाली मोठं बूच हवंच. गाळ साचून ते बारीक भोक बुजतं, आणि बुजलं की ड्रम असून नसल्यासारखा होतो. आठवड्यातून एकदा बूच काढून गाळ सोडा.

वर्षाच्या पहिल्या पावसाला मात्र ड्रमही पुरत नाही. मे महिन्यातल्या अवकाळी सरी पूर्ण सोडून द्या. जूनमध्येही चांगल्या दोन-तीन सरी छपरावरून वाहून जाऊ द्या. टाकीकडे जाणाऱ्या नळीला एक झडप ठेवा, तोवर ती बंद. वाळवंटात असं करणं परवडत नाही, म्हणून तिथे पावसाआधी आगोर झाडून लख्ख ठेवतात आणि त्यावर पायताण घालून जाऊ देत नाहीत. आपल्याला पाणी सोडायला भरपूर आहे, तर ते सोडावं. ज्या घरात पहिल्याच सरीला ‘पाणी वाया जातंय’ म्हणून झडप उघडतात, तिथे वर्षभर वास येणारं पाणी मिळतं.

## पायरी ६ : गाळणी

बारीक वाळूची गाळणी बसवायचा मोह टाळा. चित्रात ती छान दिसते. पण बारीक वाळूतून पाणी हळू झिरपतं, आपल्या सरी तिला झेपत नाहीत, कोनाडा तुंबून भरतो आणि पाणी बाजूने सांडतं. मग कोणीतरी वैतागून वाळू काढून टाकतो आणि गाळणीच उरत नाही.

दोन कप्पे करा. पहिला रिकामा, ६० सें.मी. लांब-रुंद-खोल, पाणी संथ होऊन माती तळाशी बसण्यासाठी. दुसऱ्यात खाली ४० मि.मी. खडी, मध्ये २० मि.मी., वर बारीक गोटी, आणि सर्वांत वर नायलॉनची जाळी. खडी आत घालण्यापूर्वी पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. खाणीतून आलेल्या खडीला भरपूर भुकटी असते. जाळी दर आठवड्याला झटकायची, खडी वर्षातून एकदा काढून धुवायची. दोन्ही कप्प्यांना घट्ट झाकण हवं. उघड्या गाळणीत बेडूक हमखास जातात.

ही गाळणी जंतू अडवत नाही. तिचं काम पानं आणि माती अडवणं, एवढंच. पिण्यासाठीचं शुद्धीकरण शेवटी, स्वयंपाकघरात.

## पायरी ७ : टाकी

५,००० लिटरपर्यंत गरज असेल तर तयार प्लास्टिकची टाकी घ्या, सावलीत पक्क्या ओट्यावर ठेवा आणि पुढच्या पायरीवर जा. त्याहून मोठी असेल तर बांधलेली परवडते.

आपल्याकडचे गवंडी सवयीने चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या दगडाची, चौकोनी टाकी सुचवतात. चिरा घराला उत्तम, पाणी धरायला नाही. तो पाणी पितो, आणि दोन मीटर पाणी असलं की तळाशी भिंतीला प्रत्येक चौरस मीटरमागे दोन टन जोर बसतो. चौकोनी टाकीत तो जोर कोपऱ्यांवर येतो आणि पहिली चीर तिथेच पडते. गोल टाकीला कोपरे नाहीत. १२,००० लिटरसाठी आतून २.७ मीटर व्यास आणि २.१ मीटर पाण्याची उंची लागते. जाळी आणि सिमेंटच्या पातळ भिंतीची फेरोसिमेंट टाकी या आकाराला सर्वांत योग्य. ज्याने आधी अशी टाकी बांधली आहे असाच गवंडी घ्या आणि त्याची पाच-सहा वर्षं जुनी टाकी जाऊन बघा. नवी टाकी सगळ्यांचीच चांगली दिसते.

काम चालू असताना तुम्ही स्वतः हे पाहायचं :

वाळू खारी नको. समुद्राची किंवा खाडीच्या तोंडची वाळू आली तर आतली जाळी गंजते आणि काही वर्षांत प्लास्टर फुगून पडतं. शंका आली तर मूठभर वाळू पेलाभर गोड्या पाण्यात ढवळा, निवळू द्या आणि वरचं पाणी जिभेला लावून बघा.

प्लास्टरचं प्रमाण एकास तीन, आणि माल घट्ट. हात सहज फिरावा म्हणून गवंडी पाणी वाढवतात, त्यानेच पुढे गळती होते. भिंतीचा एक थर एकाच दिवशी वरपासून खालपर्यंत पुरा करायचा, अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी जोडायचा नाही. तळ आणि भिंत जिथे भेटतात तिथे काटकोन न ठेवता आतून गोलाई द्या. तळाला एका बाजूला थोडा उतार आणि तिथे गाळ काढायची तोटी. पिण्याची तोटी तळापासून १५ सें.मी. वर, आणि बाहेरून तिच्याखाली कळशी उभी राहील एवढा ओटा उंच.

आत येणारी नळी वरून धबधबा पाडणारी नको. ती तळापर्यंत न्या आणि शेवटचं तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. जादा पाण्याची नळी आत येणाऱ्या नळीएवढी तरी मोठी हवी. या मुद्द्यावर बरेच जण काटकसर करतात आणि जुलैत पाणी झाकणातून वर येतं.

प्रत्येक तोंडाला डास जाणार नाही एवढी बारीक जाळी, आणि माणूस उतरण्याच्या झाकणाला कुलूप. दोन्ही गोष्टी टाकी भरायच्या आधी. आत उजेड जाता कामा नये, उजेड गेला की शेवाळ धरतं.

प्लास्टर झाल्यावर किमान १४ दिवस, शक्यतो २१, ओली गोणपाटं गुंडाळून ठेवा. दुपारी हात लावून पाहा, गोणपाट कोरडं लागलं तर त्या दिवशीचं पाणी मारणं चुकलं आहे.

तपासा : टाकी काठोकाठ भरा, झाकून ठेवा, पहिला दिवस भिंतीला पाणी पिऊ द्या. दुसऱ्या दिवशी पातळीची खूण करा आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. खूण उतरली असेल, किंवा बाहेरून ओला डाग दिसत असेल, तर आताच दुरुस्त करा. हे भरलेलं पाणी पिऊ नका. नव्या सिमेंटमुळे ते खारट-तुरट लागतं. ते बागेला द्या, पुन्हा एकदा भरून सोडा, मग टाकी वापरायला योग्य होते.

## पायरी ८ : कधी भरायची

बहुतेक घरांत टाकी जूनमध्ये भरते, जूनचंच पाणी तिच्यात तसंच बसून राहतं आणि पुढचा सगळा पाऊस जादा पाण्याच्या नळीतून निघून जातो. म्हणजे मेमध्ये तुम्ही पिता ते सर्वांत घाणेरड्या महिन्यातलं पाणी.

असं करा. जून-जुलैत टाकी भरू द्या आणि तिचं पाणी मोकळ्या हाताने वापरा : धुणं, भांडी, अंगण, चतुर्थीच्या आधीची साफसफाई. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टाकी पूर्ण रिकामी करा, गाळ काढा, घासा, आणि पुन्हा भरायला लावा. १०० चौ.मी. छपराला १२,००० लिटर भरायला १५० मि.मी. पाऊस लागतो. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर मिळून तेवढा साधारणपणे मिळतो. छप्पर लहान असेल, म्हणजे ६० चौ.मी.च्या आसपास, तर २५० मि.मी. लागतील, अशा घरांनी सफाई ऑगस्टच्या मध्यालाच उरकावी.

मधल्या काळात चतुर्थी आली आणि घर माणसांनी भरलं तर सफाई सणाच्या आधी की नंतर, हे तारखा बघून ठरवा. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापलीकडे ढकलू नका. पुढच्या पावसाचा भरवसा धरून उशीर केला आणि पाऊस लवकर उघडला, तर वर्षभराची टाकी अर्धी राहते.

ऑक्टोबरमध्ये दुपारी विजांसह सरी येतात. त्या टाकी काठोकाठ करायला उपयोगी पडतात, पण दोन सरींत आठ-दहा दिवस ऊन असतं आणि छपरावर धूळ बसलेली असते. ड्रम रिकामा आहे, भोक मोकळं आहे, हे पाहूनच ते पाणी घ्या. शेवटची सर झाली की झडप बंद, आणि ती पुढच्या जूनपर्यंत उघडायची नाही.

इशारा, जिवाशी संबंधित : बंद टाकीत एकट्याने उतरू नका. सगळी झाकणं काढून एक दिवस हवा खेळू द्या. कमरेला दोर, बाहेर दोन धडधाकट माणसं. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप टाकीच्या आत किंवा तोंडाशी चालवू नका, त्याचा धूर आत साठून माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. आतला माणूस पडला तर बाहेरच्याने तसंच मागोमाग उतरायचं नाही. दोराने ओढायचं आणि मदत बोलवायची. दिवा सोडून पाहिला, तो जळत राहिला, म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. विषारी वायू असूनही दिवा जळू शकतो.

## पायरी ९ : जादा पाणी

१२ हजार साठवले तरी लाख-दोन लाख लिटर उरतातच. ते थेट विहिरीत सोडू नका. गाळ आणि जंतू सरळ पिण्याच्या पाण्यात जातात. विहिरीपासून पाच-सहा मीटर दूर, दीड मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा घ्या, दगड-गोट्यांनी भरा, आणि नळी त्यात सोडा. जांभ्यातून पाणी मुरत विहिरीकडे, आणि सड्याच्या पायथ्याच्या झरीकडे जातं. खाली ज्यांची कुळागरं (पोफळीच्या बागा) आहेत त्यांनाही त्याचा हातभार लागतो.

घर डोंगर कापून केलेल्या सपाटीवर असेल, किंवा खड्ड्याच्या खालच्या अंगाला उभी कापलेली दरड असेल, तर शोषखड्डा अजिबात करू नका. मुरलेलं पाणी मातीचा तो भाग जड करतं आणि दरड सुटते. अशा ठिकाणी जादा पाणी पक्क्या गटारातून व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) न्या.

## पायरी १० : पिताना आणि वर्षभर

सप्टेंबरमध्ये टाकी भरल्यावर एकदा ब्लीचिंग पावडर द्या. चांगल्या प्रतीची पावडर दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे १२,००० लिटरला ३० ग्रॅम. कोरडी पावडर टाकीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, आणखी पाणी घालून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं निवळ तेवढंच ओता, खालचा चुना फेका. किमान एक तास थांबून मग वापरा. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेल्या पावडरीत जोर राहत नाही, नवीन आणा.

ही मात्रा आठ महिने पुरत नाही. म्हणून पिण्याचं पाणी रोज उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. घरात चांगला फिल्टर असेल आणि त्याची मेणबत्ती वेळेवर बदलली जात असेल तर तोही चालतो. दर दोन-तीन महिन्यांनी जंतूंची तपासणी करणारी छोटी बाटली आणून पाणी तपासा. बाटलीतलं पाणी काळं पडलं तर टाकीत पुन्हा पावडर द्या आणि कारण शोधा : फाटलेली जाळी, उघडं राहिलेलं झाकण, किंवा बाहेरून आत आलेली चीर.

पाणी तोटीनेच काढा. झाकण उघडून दोर-बादली घालायची सवय लागली की त्या बादलीबरोबर अंगणाची माती आत जाते.

टँकरचं पाणी या टाकीत कधी घेऊ नका. मे महिन्यात टाकी रिकामी दिसली की हा मोह होतो. ते पाणी कुठलं, कसलं, हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत टाकी पुन्हा निर्जंतुक करावी लागते. टँकरसाठी वेगळे ड्रम ठेवा.

बाहेरच्या भिंतीवर पातळी दाखवणारी पारदर्शक नळी लावा, आणि तिच्याशेजारी रंगाने महिन्यांच्या खुणा करा. २.१ मीटर उंची आठ महिन्यांत वापरायची म्हणजे महिन्याला २६ सें.मी. डिसेंबरअखेर पाणी खुणेच्या खाली असेल तर कुठेतरी जास्त वापर होतोय किंवा गळती आहे. ते तेव्हाच शोधता येतं, एप्रिलमध्ये शोधून उपयोग नसतो.

तोटीच्या खालचं १५ सें.मी. पाणी, म्हणजे साधारण ८५० लिटर, पिण्यासाठी धरू नका. हिशेब अगदी काटेकोर असेल तर बांधतानाच टाकी तेवढी उंच घ्या. मेअखेर ते गाळाच्या तोटीने सोडून छप्पर आणि पन्हळ धुवायला वापरा, तळ घासून घ्या, ड्रमचं भोक तारेने मोकळं करा आणि झडप बंद असल्याची खात्री करून पहिल्या सरी जाऊ द्या.